साइड स्टँडचा तळवा रुंद केला, त्यानंतरचे ८ महिने

उभी केलेली मोटरसायकल पाठ वळताच आडवी होण्याचा प्रसंग माझ्यावर दोनदा आला. पहिल्या वेळी ती डावीकडे पडली आणि दुसऱ्या वेळी, साइड स्टँडमध्ये मी मोठ्या उत्साहाने केलेल्या बदलानंतर, चक्क उजवीकडे. स्टँडचे गणित मला खऱ्या अर्थाने कळले ते या दुसऱ्या पडण्यानंतर, आणि आज वापरात असलेली रचना त्यातूनच ठरली.

डावीकडे पडण्याचे कारण उघड होते. मूळ स्टँडचा तळवा जेमतेम ५ सेंटीमीटर लांब आणि ४ सेंटीमीटर रुंद होता, आणि पावसाने भिजलेल्या मातीत तो तासाभरात पूर्ण रुतला. त्यावर नेमका किती भार येतो हे पाहण्यासाठी मी नंतर घरातला वजनकाटा स्टँडखाली ठेवला आणि दोन्ही चाकांखाली काट्याच्याच उंचीच्या फळ्या सरकवल्या. गाडीचे वजन १४५ किलो. काट्याने ४२ किलो दाखवले. एवढा भार २० चौरस सेंटीमीटरवर, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर दोन किलोंहून अधिक. उन्हाने मऊ पडलेल्या डांबरातही स्टँडचा खड्डा पडतो तो याचमुळे.

पहिल्या प्रयत्नात मी तळव्याखाली १२ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी बोल्टने आवळली. एवढी जाड पट्टी घेण्यामागे हेतू असा होता की गाडी मला नेहमीच जरा जास्त कललेली वाटे, ती आता सरळ उभी राहील. चूक तिथेच झाली. टायरच्या रेषेपासून स्टँडचे टोक सुमारे ३० सेंटीमीटर बाहेर येते, त्यामुळे तळव्याखाली वाढवलेला प्रत्येक सेंटीमीटर गाडीचा कल जवळजवळ २ अंशांनी कमी करतो. मागच्या रिमला मोबाइल टेकवून मोजलेला मूळ कल १० अंशांचा होता, तो ८ अंशांच्याही खाली आला. रिकाम्या गाडीला हे चालून गेले असते. परंतु मागे सामान बांधले की शॉकॲब्सॉर्बर दबतात, गाडी खाली बसते, स्टँडची लांबी मात्र तेवढीच राहते, आणि आधीच सरळ असलेली गाडी आणखी सरळ होते. उजवीकडे किंचित उतरती जागा, भरलेल्या बॅगा आणि वाऱ्याचा एक झोत, एवढे पुरेसे झाले. ब्रेकचा लिव्हर वाकला, आरसा फुटला, आणि अभिमानही थोडा खरचटला.

दुसऱ्या प्रयत्नात स्टँड गाडीवरून उतरवूनच काम केले. तो काढल्यावर लक्षात आले की त्याच्या बोल्टात बराच प्ले, म्हणजे सैलपणा, आलेला होता आणि गाडी जास्त कलण्याचे निम्मे कारण हेच होते. बुश (बोल्टाभोवतीची नळी) बदलल्यावर, पट्टी लावण्याआधीच, उभी गाडी हलवली की होणारा खटखट आवाज थांबला. त्यानंतर ६ मिलिमीटर जाडीची, ९ बाय ८ सेंटीमीटरची पट्टी वेल्ड करून घेतली. वेल्डिंग करणाऱ्याला ती चारही बाजूंनी सारखी बाहेर काढायची होती. मी ती फक्त बाहेरच्या आणि मागच्या बाजूला वाढवली, कारण आतल्या बाजूला वाढवली असती तर स्टँड दुमडल्यावर पट्टी साखळीला लागली असती. आधी केवळ दोन टाके मारले, स्टँड गाडीला लावून पट्टी जमिनीवर सपाट बसते का ते कागद सरकवून पाहिले, एका कोपऱ्याखालून कागद सहज गेला म्हणून टाका तोडून कोन सुधारला, आणि मगच पूर्ण वेल्डिंग केले. कडा किंचित वर वळवून घेतल्या, म्हणजे मातीत त्या रुतत नाहीत. आता सामान लादूनही गाडी सुरक्षित कललेली राहते, आणि रिकाम्या गाडीचा काट्यावरचा भार ३७ किलो भरतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण अर्धा किलो.

या ८ महिन्यांत ओली माती, वाळू, मऊ डांबर आणि गवत अशा सगळ्या ठिकाणी गाडी उभी केली; एकदाही पडली नाही. उतारावर पूर्वीप्रमाणेच तोंड चढाकडे करून, पहिल्या गीअरमध्ये लावतो, कारण गाडी पुढे सरकली की स्टँड दुमडतो आणि त्यापुढे रुंद तळवाही हतबल असतो.

तक्रारी आहेतच. पट्टीचे वजन सुमारे ३०० ग्रॅम वाढल्याने खड्ड्यांवर दुमडलेला स्टँड थरथरू लागला. चालत्या गाडीवर तो खाली आला तर डाव्या वळणावर काय होईल याचा विचार करून मी लगेच अधिक ताणाची स्प्रिंग बसवली. स्टँड खाली आल्यास इंजिन बंद करणारा स्विच आहे म्हणून ढिली स्प्रिंग चालवून घेणे मला पटत नाही. वळवलेल्या कडांमध्ये चिखल साचतो, रंग उडालेल्या ठिकाणी गंज धरला आहे. आणि एका घट्ट डाव्या वळणावर पट्टीचा मागचा बाहेरचा कोपरा रस्त्याला घासला. त्यावरची चकचकीत रेघ अजून दिसते. तेवढा कोपरा तिरका कापायचा आहे, पुढच्या सर्व्हिसला स्टँड उतरेल तेव्हा.