एल (L) आकाराचा ओटा की समोरासमोर दोन ओटे?

स्वयंपाकघर लांबट असेल तर समोरासमोरचे दोन ओटे सोयीचे. एकीकडे शेगडी, मागे वळलं की सिंक. पण आधी टेप लावा. प्रत्येक ओटा 2 फूट, मधली वाट 4 फूट, म्हणजे 8 फूट रुंदी हवी. वाट 3 फुटांवर आली की खालचा ड्रॉवर उघडताच दुसऱ्याची वाट अडते. त्यात दोन्ही टोकांना दारं असतील तर घरभराची वर्दळ गरम कढईमागूनच!

चौकोनी खोलीत मात्र एल. मधली जागा मोकळी राहते, टेबलही मावतं. खोड एकच, कोपऱ्यातलं कपाट: आत सरकलेलं पातेलं काढायचं तर गुडघे टेकून अर्धं आत शिरावं लागतं. तिथे फिरता ट्रे बसवून घ्या. दोघं मिळून रांधत असाल, तर माझं मत एललाच.