'शेतकऱ्याचा असूड': पाचव्या प्रकरणासाठी विकत घ्या

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढे येईल.

'विद्येविना मती गेली' ठाऊक नाही असा माणूस आमच्या खटाव तालुक्यात सापडायचा नाही. शाळेच्या भिंतीवर त्या ओळी आहेत, जयंतीच्या फ्लेक्सवर आहेत, झाडून सगळ्या पक्षांच्या भाषणात आहेत. त्या लिहिणाऱ्या महात्मा जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे आमचा अभिमान जरा जास्तच. पण त्या ओळी त्यांच्या ज्या 'शेतकऱ्याचा असूड' पुस्तकाच्या उपोद्घातात आहेत, ते उघडलेला माणूस विचारा, मग बघा कोण हात वर करतो. मी सरपंच असताना गावच्या वाचनालयासाठी ते घेतलं, म्हणून हा अभिप्राय.

पुस्तक १८८३ सालचं. पाच प्रकरणं. त्यातलं पाचवं उपायांचं आहे आणि माझ्या मते सगळा पैसा तिथेच वसूल होतो. जोतीराव सरकारला सांगतात: लष्करातले आणि पोलिसातले शिपाई रिकामे बसतात, त्यांच्याकडून जागोजाग तालीवजा बंधारे बांधून घ्या, म्हणजे पावसाचं पाणी शेतात मुरून मग ओढ्यानाल्याला जाईल. विहिरींसाठी पाणाडे लावून पाण्याच्या जागा शोधा. नदीनाल्यातला, तलावातला गाळ शेतकऱ्याला फुकट नेऊ द्या. जंगलखात्यात घेतलेली गायरानं गावाला परत करा. आम्ही जलयुक्त शिवारचे आराखडे केले, 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'चे ठराव केले, तेव्हा कागदावर हेच तर होतं. फरक एवढाच की जोतीरावांना कुणी प्रपत्र भरायला सांगितलं नव्हतं.

आणि रानडुकरं! पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरांपायी ते शेतकऱ्याला साध्या गावठी का होईना, पण बंदुका द्यायला सांगतात. ते जमत नसेल तर पोलिसांनीच डुकरं मारावीत, आणि तेही झालं नाही तर नुकसान पोलिसांच्या पगारातून नाहीतर सरकारी खजिन्यातून भरून द्यावं. हा भाग मी ग्रामसभेत वाचला. मागे तंबाखू मळत बसलेली मंडळी पुढे सरकली. एकाने विचारलं, "ताई, ह्यो जीआर कधीचा?"

चौथ्या प्रकरणात साहेबाच्या छावणीतून हात हलवत परतलेला कुणबी स्वतःशीच पुटपुटतो. शेतसाऱ्याला मुदत मागायला गेलेला असतो. ते पुटपुटणं वाचताना तहसीलच्या पायऱ्या उतरणारी ओळखीची तोंडं दिसतात.

अर्धा तारा कापला तो आधीच्या प्रकरणांपायी. आर्यांच्या स्वारीचा इतिहास जसा मांडलाय तसा आज पुरावा म्हणून चालणार नाही, आणि वाक्यं अशी लांब की बैल जुंपल्यापासून सोडेपर्यंत संपत नाहीत. भटभिक्षुकांवरची भाषा कडक आहे. मला ती खटकत नाही. जन्मापासून मरणापर्यंत कोणत्या निमित्ताने किती दक्षिणा गेली, याचा तो हिशोब आहे आणि हिशोब कडकच असतो. पण वाचणाऱ्याने तयारीने बसावं.

आता प्रत कुठली घ्यायची. आम्ही आधी जत्रेतल्या एका स्टॉलवरून स्वस्तातली सुटी आवृत्ती आणली. कागद पिवळा, पाचव्या प्रकरणातली काही पानं दोनदा लागलेली आणि काही गायब. लेखक जाऊन शतक उलटलं, त्यामुळे कुणीही छापतो. घेण्याआधी पानं चाळून बघा. नंतर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' घेतलं. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी ते १९६९मध्ये संपादित केलं, पुढे य. दि. फडक्यांनी नवी आवृत्ती सिद्ध केली. त्यात 'गुलामगिरी' आहे, नाटक आहे, अखंड म्हणजे त्यांच्या अभंगासारख्या कविता आहेत. आणि १८८२चं हंटर आयोगापुढचं, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढचं निवेदनही आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा आणि गरज पडली तर नांगर धरू शकतील असे शिक्षक नेमा, हे त्यातलं म्हणणं. शाळा व्यवस्थापन समितीवर असणाऱ्यांनी ते एकदा तरी वाचावं. पाठ्यपुस्तकात फुले म्हणजे बहुधा मुलींची शाळा आणि शेणाचे गोळे. पगार, अभ्यासक्रम, खर्च यावर सरकारशी आकड्यात भांडणारा माणूस मुलांना भेटतच नाही.

समग्र ग्रंथ जाडजूड आहे, हातात धरून झोपून वाचता येत नाही. त्याला इलाज नाही. पण हे पुस्तक एकट्याने वाचायचं नव्हतंच मुळी. उपोद्घातात जोतीराव सांगतात की छापण्याआधी ते पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा गावी लोकांसमोर वाचलं गेलं आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही वेळ काढून ऐकलं. छापखानेवाले भेकड निघाल्याची तक्रारही त्यांनी पुढे केली.

तेव्हा तुम्हीही मोठ्याने वाचा, पण सुरुवात रानडुकरांपासून करा. पहिल्या प्रकरणापासून केलीत तर भांडणं आधी लागतील आणि बंधाऱ्यापर्यंत कुणी पोचणार नाही.