नातीचा गृहपाठ वर्ग: फी, वेळ आणि उशिराचे नियम

नात सातवीत, सेमी-इंग्रजीला. नातू पाचवीत. मुलगा नाशिकला सातपूरच्या कारखान्यात, सूनबाई बँकेत. दोघं घरी येईपर्यंत साडेसात होतात. निफाड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर नोकरी करून निवृत्त झालेले गुरुजी घरात बसलेले असताना पोरांना गृहपाठासाठी बाहेर कशाला पाठवता, असं शेजारचे विचारतात. आता काय सांगणार! आजोबांचं उत्तर बरोबर येतं, पण ते 'आमच्या बाईंच्या स्टेप्स'नी येत नाही. त्यावरून रोज संध्याकाळी रडारड. शेवटी सूनबाईंनी हा वर्ग शोधला.

वर्गाचं नाव लिहीत नाही. जागा लहान आहे आणि मॅडमना जाहिरात नको आहे. गंगापूर रोडच्या बाजूला एका रो-हाउसच्या तळमजल्यावर चालतो, त्या भागात कोणालाही विचारलं तरी सांगतील. पाच ते साडेसहा, सोमवार ते शुक्रवार. महिन्याला एका मुलाचे अठराशे रुपये, दुसरं भावंड असेल तर त्याचे बाराशे. हा शिकवणीचा क्लास नाही. शाळेनं दिलेलं काम मुलानं स्वतः बसून पुरं करायचं, अडलं तर विचारायचं, एवढंच. बाहेरच्या क्लासचा वेगळा अभ्यास मानगुटीवर बसत नाही, हीच मला पहिली जमेची बाजू वाटली.

आता नियमांचं सांगतो, कारण या वर्गाचं वेगळेपण तिथेच आहे. प्रवेश घेतला की एक पिवळा कागद देतात. तो मुलाच्या डायरीच्या आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवायचा. पालकांची सही नंतर, आधी मुलाची सही. नातवानं तर रुबाबात इंग्रजीत केली.

पहिला नियम पालकांना जड जातो. गृहपाठ काय आहे हे मुलानं शाळेतच डायरीत लिहून आणायचं. रात्री नऊ वाजता आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "आजचा होमवर्क कोणीतरी टाका ना प्लीज" आणि मग कोणाच्या तरी वहीचा तिरका फोटो, हे इथे चालत नाही. डायरीत नसेल तर त्या दिवशी मूल वाचन करतं आणि दुसऱ्या दिवशी बाईंना विचारून येतं. नात सुरुवातीला चिडायची, आता मधल्या सुट्टीतच डायरी पुरी करते.

दुसरा नियम वेळेचा. पाचवीला अर्धा तास, सहावी ते आठवीला एक तास. तास संपला की मॅडम वहीत लाल पेन्सिलनं आडवी रेघ मारतात, खाली 'एक तास काम केले, सहा गणिते बाकी' असं लिहून सही करतात आणि मुलाला मागच्या खोलीत कॅरम खेळायला सोडतात. हे त्यांच्या मनचं नाही. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीला गृहपाठच नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास आणि सहावी ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त एक तास असं स्पष्ट लिहिलंय. किती शाळा पाळतात ते तुम्हीच आपल्या पोराच्या वहीत बघा. आणि बारकाईनं पाहिलं तर पाचवीचा रोजचा अर्धा तास आठवड्याला अडीच तासांवर जातो, म्हणजे वर्गही थोडा पुढेच आहे. मी दाखवलं तर मॅडम म्हणाल्या, "गुरुजी, शाळा तासाभराचं देते, मी निम्मं केलंय." बरं, चला.

ती लाल रेघ शाळेत चालेल का, अशी सूनबाईंना धास्ती होती. नातीच्या वर्गशिक्षिकांनी ती मान्य केली. नातवाच्या बाईंनी पहिल्यांदा वही परत पाठवली, 'अपूर्ण' असा शेरा मारून. मॅडमनी फोन केला, सासूबाईंसारखं न बोलता बोलल्या, तेव्हा कुठे मिटलं.

तिसरा नियम उशिराचा. काम एक-दोन दिवस उशिरा झालं तर पानाच्या डोक्यावर कोणत्या तारखेचं काम कोणत्या तारखेला केलं ते लिहायचं आणि कारण स्वतःच्या अक्षरात एका ओळीत. दंड नाही, पन्नास वेळा लिहिणं नाही, ऊठबशा नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी केलीच आहे, पण पन्नास वेळा लिहायला लावणं हा छळ आहे हे अजून पुष्कळांच्या गळी उतरत नाही. आजारपणाला चिठ्ठी लागत नाही. गावची जत्रा किंवा लग्न असेल तर आधी सांगायचं, म्हणजे तेवढं काम मागेपुढे करून देतात.

कारणांची ओळ मला फार आवडली. नातीच्या वहीत 'कंटाळा आला होता' असं खरं कारण सापडलं आणि खाली मॅडमची बरोबरची खूण. आमच्याकडे कांदा काढणीच्या दिवसांत, द्राक्षाच्या हंगामात निम्मी पोरं वही न करता यायची. कारण विचारलं की गप्प. कोणी म्हणायचं वही घरी राहिली, कोणी म्हणायचं लाइट नव्हती. खरं कारण सांगितल्यावर मार बसत नाही याची खात्री असल्याशिवाय पोरगं ते सांगत नाही, आणि कारण कळल्याशिवाय गुरुजींनी काय उपाय करायचा?

आता खोट. तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तर मॅडम सगळं काम करायला लावत नाहीत, निवडक निम्मं देतात. हेतू चांगला, साठलेल्या ढिगाखाली मूल दबू नये. पण सातवीतली पोरं हिशोबात पक्की असतात. वीस गणितं आज करण्यापेक्षा चार दिवसांनी दहा केलेली परवडतात, हे नातीला दिवाळीच्या आधीच कळलं होतं. मी मॅडमना सांगितलं, ही सवलत महिन्यातून ठरावीक वेळाच द्या. त्यांनी मान डोलावली, पिवळा कागद मात्र तोच आहे.

दुसरी खोट मोठी आहे. मदतीला एक कॉलेजची ताई असते. मुलगी गोड आहे, पण सहा वाजून गेले की उत्तर स्वतःच सांगून मोकळी होते. नातवाच्या वहीत कच्चं काम कुठेच नाही आणि भागाकार मात्र दशांशासकट बरोबर, तेव्हाच मला कळलं. मॅडम समोर असल्या की असं होत नाही. वर्गाची हिंदीची बाजूही तशी कच्चीच.

प्रकल्पांच्या बाबतीत मात्र मी त्यांच्या बाजूचा. स्टेशनरीच्या दुकानातले तयार प्रकल्प आणि छापील चित्रांचे तक्ते इथे आणू देत नाहीत. प्रकल्प उशिरा होणार हे धरूनच चार हप्ते करतात: माहिती, कच्चं लेखन, चित्रं, पक्कं. शाळेत द्यायच्या दिवशी तीन हप्ते झाले असतील तर तीनच द्यायचे. सूनबाईंना हे पटत नाही, त्यांना गुणांची काळजी. ती अगदीच उगाच नाही. आपल्याकडे २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात सातवी-आठवीला आकारिकला, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाला, ४० टक्के भार आहे आणि संकलितला, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेला, ६०. पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं. प्रकल्प आणि स्वाध्याय दोन्ही आकारिकच्या साधनांत येतात, म्हणजे वहीचा परिणाम निकालावर होतोच. पण आकारिक म्हणजे मूल शिकत असताना त्याच्याकडे बघणं. कुठली वही किती तारखेला आली याची नोंदवही भरणं म्हणजे आकारिक नव्हे. मी नोकरीत या तक्त्यांचे रकाने भरून हात दुखवून घेतलेत, म्हणून एवढ्या जोरात सांगतो.

आणि एक गोष्ट फक्त याच वर्गात पाहिली. पिवळ्या कागदाच्या तळाशी मॅडमसाठीसुद्धा नियम आहे: तपासायला घेतलेली वही दुसऱ्या दिवशी परत मिळेल, न मिळाल्यास मुलाने मागावी. नातू मागतो, आणि चांगला ठसक्यात मागतो. शाळांमध्ये वह्यांचे गठ्ठे आठवडा आठवडा स्टाफरूममध्ये पडून असतात, त्यावर कोणी 'उशिरा' असा शेरा मारलेला मी तरी पाहिला नाही.

बाकी किरकोळ. खोलीत पंखा एकच, एप्रिलमध्ये उकडतं. पाणी घरून द्यावं. स्कूटर लावायला जागा नाही, समोरचे काका ओरडतात. परीक्षेच्या आठवड्यात जुने विद्यार्थीही येऊन बसतात, मग सतरंजीवर मांडीला मांडी.

पाचपैकी चार. ताई बदलली किंवा तिला कोणी नीट समजावलं तर साडेचार देईन. पोराला नव्वद टक्के पाडून द्या असं म्हणणाऱ्यांनी इथे येऊ नये, मॅडम स्वतःच परत पाठवतात. सहावी ते आठवीची बॅच सध्या भरलेली आहे, पाचवीला दोन-तीन जागा आहेत. जूनसाठी नावं मे महिन्यात घेतात. जाताना मुलाला बरोबर न्या, त्याच्याशी बोलल्याशिवाय त्या फॉर्म देत नाहीत.