गावचा वैद्य की ससून? एकोणिसाव्या शतकातल्या वेल्ह्याच्या माणसाची निवड

पुण्याचं ससून रुग्णालय १८६७ साली सुरू झालं. पण पुणे जिल्ह्यातल्याच वेल्ह्याच्या डोंगरात तापाने फणफणलेल्या माणसाला त्याचा किती उपयोग होता?

वैद्य आणि सुईण हाकेच्या अंतरावर. रात्री-अपरात्री यायचे, घराणं ओळखायचे, पैशांऐवजी पायलीभर भातही चालायचा. गुळवेलीचा काढा, अडुळशाचा रस, हाड बसवणं यात जाणत्या माणसाचा हात खरंच चांगला असे. मूल आडवं आलं की मात्र सुईण हतबल व्हायची. ते दुःख किती घरांनी मुकाट सोसलं असेल, या विचाराने आजही जीव कासावीस होतो.

ससूनकडे शस्त्रक्रिया होती, क्लोरोफॉर्म होतं, हिवतापावर क्विनाइन होतं. पण तिथे पोचायचं कसं? झोळीत घालून, माणसं बदलत, पन्नास-साठ किलोमीटर. पावसाळ्यात ओढे-नद्या फुगल्या की वाटच बंद. मावळचं थोडं बरं होतं: खंडाळा-पुणे रेल्वे १८५८ पासून धावत होती, त्यामुळे तळेगावकर वेल्हेकरापेक्षा दवाखान्याच्या कितीतरी जवळ. शिवाय परक्या माणसांत, परक्या हातचं खायचं, ही धास्ती वेगळीच.

माझं मत विचाराल तर साध्या तापाला, मुरगळलेल्या पायाला वैद्यच बरा. अडलेली बाई किंवा कुजत चाललेली जखम असेल, तर पहिल्याच दिवशी झोळी उचलायला हवी होती. बहुतेकदा ती उचलली जायची ती सगळे काढे संपल्यावर.