‘मेंदूत जंत गेलेत’ असं सांगून आम्हाला फसवलं

धाकट्या भावाचं डोकं सारखं दुखायचं, म्हणून नेहमीच्या तपासण्यांसाठी एका लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला. दोन दिवसांनी त्याचाच फोन. "टेपवर्म पॉझिटिव्ह आलाय, मेंदूत गेलेला असणार. उशीर केलात तर फिट येतील." ही तपासणी आम्ही सांगितलीच नव्हती, हे त्या क्षणी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आईने तर त्या दिवशी जेवणाला हात लावला नाही.

मग त्याने गोळ्यांचा कोर्स दिला. पाकिटावर औषधाचं नाव नाही, चिठ्ठीवर डॉक्टरची सही नाही. शिवाय जंत कमी होतात का बघायला दर आठवड्याला पुन्हा रक्त. रिपोर्टवरचा आकडा थोडा उतरायचा आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकायचो. आता बंद करूया म्हटलं की पुढच्या रिपोर्टमध्ये तो हमखास चढायचा. असे तीन महिने गेले. भीतीच अशी घातली होती की प्रश्न विचारायचं बळच उरलं नव्हतं.

शेवटी मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. रिपोर्ट बघून त्यांनी पहिलं विचारलं, "फिट आली होती का कधी?" नाही. मग त्यांनी समजावलं ते तुम्हालाही कळावं म्हणून लिहिते आहे.

रिपोर्टवर ‘एलायझा, आयजीजी’ होतं. एलायझा ही रक्ताच्या तपासणीची एक पद्धत, आणि आयजीजी हे त्यात सापडणारं प्रतिपिंड, म्हणजे शरीराने कधीतरी त्या जंताला तोंड दिल्याची खूण. जंत मेल्यावरही ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहते. म्हणजे दर आठवड्याच्या त्या आकड्यांना काडीचाही अर्थ नव्हता. त्यातून कच्च्या अँटिजेनवरची, म्हणजे जंताच्या शुद्ध न केलेल्या अर्कावरची एलायझा दुसऱ्याच जंतामुळेही पॉझिटिव्ह दाखवते. त्यापेक्षा भरवशाची आहे ती ईआयटीबी नावाची रक्ताची दुसरी तपासणी. पण तीही मेंदूत जंताच्या अळीची एकच गाठ असेल किंवा गाठीत कॅल्शियम साचलं असेल तर निगेटिव्ह येऊ शकते. त्यामुळे फिट येत असेल त्यांनी निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबून घरी बसणंही तितकंच वाईट. मेंदूतल्या गाठींचं निदान सीटी स्कॅन आणि एमआरआयवर होतं, रक्ताची तपासणी फक्त जोडीला. आणि आतड्यातला टेपवर्म शोधायला सहसा शौचाची तपासणी करतात, तीही वेगवेगळ्या दिवशीच्या नमुन्यांवर.

भाऊ शाकाहारी, म्हणून मला सगळंच खोटं वाटू लागलं होतं. डॉक्टरांनी ती समजूतही दूर केली. अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसातून आतड्यात जंत होतो हे खरं, पण मेंदूतल्या गाठी होतात त्या जंताची अंडी पोटात गेल्याने. ज्याच्या आतड्यात जंत आहे त्याच्या न धुतलेल्या हातांमधून किंवा दूषित अन्नपाण्यातून ती जातात. शाकाहारी माणसालाही हा आजार होऊ शकतो, म्हणूनच त्याची भीती घालणं इतकं सोपं आहे.

भावाचा एमआरआय स्वच्छ निघाला. डोकं दुखत होतं ते चष्म्याच्या चुकलेल्या नंबरामुळे.

मला अजून झोप लागत नाही ती त्या बिननावाच्या गोळ्यांमुळे. त्या खरोखर जंताच्या असत्या आणि मेंदूत खरंच गाठी असत्या, तर गाठींतल्या अळ्या मरताना सूज येऊन फिट येऊ शकली असती. म्हणून डॉक्टर अशा औषधासोबत स्टेरॉइड देतात, आधी डोळ्यांचा पडदाही तपासतात. आमच्या घरी यातलं काहीही झालं नव्हतं, आणि रोज रात्री ती गोळी मीच भावाच्या हातावर ठेवत होते.

उरलेली पाकिटं आणि सगळे रिपोर्ट आम्ही तक्रारीसोबत दिले आहेत. तुमच्याकडेही असा फोन आला असेल तर कागद फाडू नका, गोळ्या फेकू नका, आणि पुढची गोळी घेण्याआधी ते सगळं डॉक्टरांसमोर ठेवा.