अ‍ॅम्स्टलफेनच्या फ्लॉवर-वस्तीत भाड्याचं घर: चौदा महिन्यांनंतर

चावी हातात आली ती 1 नोव्हेंबर 2024 ला. तेव्हाच लिहायला बसले असते तर नुसती कौतुकाची पोस्ट झाली असती: झाडं, पाण्याचा पाट, त्यात बदकं, समोरच्या खिडकीत मांजर. आता दुसरा हिवाळा चालू आहे, बॉयलर दोनदा रुसून झालाय, शेजारणीची एक चिठ्ठीही येऊन गेलीय. म्हणजे लिहायला हरकत नाही.

आधी जागा सांगते. अ‍ॅम्स्टलफेन म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमला दक्षिणेकडून चिकटलेलं शहर. आपले लोक इथे भरपूर, जपानी लोकही बरेच. आमची वस्ती वार्डहाउझन, 1970 च्या दशकातली. नकाशात वरून बघितलं तर ती फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दिसते. मुख्य रस्त्याला फाटे, फाट्यांना तुरे, आणि प्रत्येक तुरा एखाद्या छोट्या चौकात संपतो. डच लोक अशा वस्तीला चक्क फ्लॉवरची वस्ती म्हणतात, ब्लुमकोलवाइक. साठच्या दशकातल्या उंच, एकसारख्या इमारतींना लोक कंटाळले आणि मग देशभर अशा वस्त्या झाल्या. आतले रस्ते 'वोनएर्फ'. म्हणजे तिथे पायी चालणारा आणि खेळणारं पोर आधी, गाडी नंतर, तीही ताशी 15 किलोमीटरने. रस्ता आरपार जातच नाही, त्यामुळे ज्याला इथे काम आहे तोच आत येतो. शांततेचं अर्धं गुपित या आखणीत आहे. तोटा एवढाच, की जेवण घेऊन येणारा मुलगा दर वेळी हरवतो. 41 नंबरच्या पुढे 43 असेल अशी अपेक्षा इथे ठेवायची नाही.

डोंबिवलीला आमचं घर रुळांपासून दोनशे पावलांवर होतं. शेवटच्या लोकलनंतर झोप, पहिल्या लोकलला जाग. इथे पहिल्या रात्री मला झोपच लागेना. फ्रिजचा आवाज ऐकू येतो हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं. चौथ्या दिवशी सोमवार होता. मी खोकी उघडत बसले होते आणि बरोब्बर बारा वाजता असा भोंगा सुरू झाला की युद्ध पेटलं असं वाटावं. धावत खिडकीशी गेले. बाहेर शेजारच्या आजी शांतपणे पानं गोळा करत होत्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला देशभर हा भोंगा तपासतात, साधारण दीड मिनिट. एजंटाने चाव्यांचे तीन जुडगे आणि चाळीस पानी करार दिला, हे एक वाक्य मात्र सांगितलं नाही.

घर म्हणजे रांगेतलं मधलं घर, तीन मजले, पुढे चार पावलांची आणि मागे जरा मोठी बाग. भाडं 2,250 युरो, तेही 'काले हूर', म्हणजे नुसत्या घराचं. गॅस, वीज, पाणी, इंटरनेट वेगळं. पालिकेचं कचऱ्याचं बिल आणि पाणी-मंडळाचा कर भाडेकरूच्याच नावाने येतो. पहिल्या वर्षी ही दोन पाकिटं बघून नवरा म्हणाला, बहुतेक मालकाची चुकून आपल्याकडे आली. आपलीच होती. पाणी-मंडळाचा कर मी तरी कुरकुर न करता भरते. हा सगळा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि कुणीतरी रात्रंदिवस पंप चालवतंय म्हणून आपल्या दिवाणखान्यात तळं नाही.

घर शोधताना अकरा ठिकाणी अर्ज केले, चार ठिकाणी बघायला बोलावलं. सगळीकडे तोच प्रश्न, पगार भाड्याच्या तिप्पट आहे का. एका एजंटाने 'कागदपत्रांचा खर्च' म्हणून साडेतीनशे युरो मागितले. घरमालकासाठी काम करणाऱ्या एजंटाला भाडेकरूकडून दलाली घेता येत नाही, नाव काहीही दिलं तरी. आम्ही तसं लिहून विचारल्यावर त्याचं उत्तरच आलं नाही, आणि घरही गेलं. अनामत दोन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त मागता येत नाही, हा नियम 1 जुलै 2023 पासूनचा. आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. इथे घराचे गुण मोजतात: क्षेत्रफळ, ऊर्जा-लेबल, स्वयंपाकघर, बाग, सगळ्याचे. 1 जुलै 2024 पासून 186 पर्यंत गुण असतील तर भाड्यावर सरकारी मर्यादा येते. 1 जानेवारी 2025 पासून नव्या करारासोबत मालकाने हा हिशोब द्यायचाच असतो. आमचा करार दोन महिने आधीचा, म्हणून मागून घ्यावा लागला. आमचे गुण 187 च्या वर भरले, म्हणजे भाडं मालक म्हणेल ते. वाढीवर मात्र लगाम आहे. 2025 साठी आमच्यासारख्या घरांना कमाल 4.1 टक्के होती, आणि पत्र आलं तेही नेमकं 4.1 चंच.

घर 'खेस्टोफेर्ड' होतं. याचा अर्थ जमिनीवरचं आच्छादन आणि पडदे आहेत, बाकी काही नाही. दिवेसुद्धा नाहीत. छतातून प्रत्येक खोलीत दोन-दोन वायरी लोंबत होत्या आणि नोव्हेंबरात पाच वाजता अंधार. पहिला आठवडा आम्ही मोबाइलच्या उजेडात वरण-भात खाल्ला.

आता शांततेबद्दल. घर बघायला गेलो तेव्हा एजंट म्हणाला होता, वस्ती फार शांत आहे. मला वाटलं, वा, आपल्याला शांतता मिळणार. शांतता आपल्यालाही द्यावी लागते, हे मार्चमध्ये कळलं. कपड्यांचं मशीन इथल्या बऱ्याच घरांसारखं आमच्याकडेही माळ्यावर आहे. रात्री अकरानंतर वीज स्वस्त, म्हणून मी हिशोबी बाई रोज साडेअकराला मशीन लावून झोपायचे. एका सकाळी दाराच्या फटीतून एक कार्ड आत पडलं होतं. वर मांजरीचं चित्र, आत सुबक अक्षरात चार ओळी. मोबाइलने भाषांतर केलं: तुमचं मशीन रात्री पिळायला लागलं की माझा पलंग हलतो, हे दोन आठवडे चालू आहे, दहानंतर लावू नका.

मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोंबिवलीत हेच काम गॅलरीतून एका हाकेत झालं असतं आणि संध्याकाळी दोघी भाजी आणायला गेलो असतो. कार्ड म्हणजे अगदी नोटीस वाटली. चिवड्याचा डबा घेऊन शेजारच्या त्याच आजींकडे माफी मागायला गेले. आजींनी डबा घेतला आणि म्हणाल्या, 'माफी नको, मशीन बंद हवं.' आवाजात राग अजिबात नव्हता. मग त्याच मला माळ्यावर घेऊन गेल्या, आपल्या मशीनखालची जाड रबरी चटई दाखवली, कुठल्या दुकानात मिळते ते लिहून दिलं. मी वर्गात शिकल्याप्रमाणे त्यांना आदरार्थी 'यू' म्हणत होते, तर म्हणाल्या, मला 'येय' म्हण, आपण शेजारी आहोत. पंचाहत्तरीच्या बाईंना 'अगं' म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही. मनात त्या आजीच आहेत.

हिरवळीचंही तेच. हिरवळ दिसते फुकट, पण करारात बागेची निगा भाडेकरूकडे असते: गवत कापणं, फरशांमधलं तण काढणं, कुंपणाची झाडं छाटणं. मे महिन्यात एजंटाचा माणूस पाहणीला आला, फोटो काढले आणि मेल पाठवला, पुढचं कुंपण फार वाढलंय, चौदा दिवसांत छाटा. शनिवारी मी कात्री घेऊन उभी राहिले तर आजी हात हलवत बाहेर. त्यांनी दोन बोटांनी फांद्या बाजूला केल्या. आत, माझ्या कमरेच्या उंचीवर, वाटीएवढं घरटं. सुकं गवत आणि चिखल, आणि त्यात चार पिल्लं, डोळे मिटलेली, चोची उघड्या. मेरलचं घरटं होतं, काळ्या पक्ष्याचं, जो पहाटे छपरावरच्या धुराड्याच्या टोकावर बसून गातो. वापरातलं घरटं हलवणं किंवा मोडणं इथे कायद्याने गुन्हा आहे. मी घरट्याचा फोटो काढून एजंटाला पाठवला. दोन तासांत उत्तर आलं: ठीक आहे, जुलैमध्ये छाटा. इतक्या महिन्यांत त्यांच्याकडून आलेलं हे सगळ्यात चटकन उत्तर.

बॉयलर बिघडला तेव्हा मात्र एवढी चपळाई नव्हती. डिसेंबरात एका रविवारी खोल्या गरम ठेवणारे रेडिएटर गार. बॉयलरवरचा पाण्याच्या दाबाचा काटा 0.6 वर होता, हवा 1.5 ते 2 च्या मध्ये. तातडीच्या नंबरवर फोन केला, माणूस आला, नळाला एक पाइप जोडून पाणी भरलं, सहा मिनिटांत काम संपलं, आणि 85 युरोचं बिल आमच्या नावावर. भांडलो, पण उपयोग नव्हता. बॉयलरमध्ये पाणी भरणं आणि रेडिएटरमधली हवा काढणं ही इथे 'लहान दुरुस्ती' धरतात, ती भाडेकरूची. दुसऱ्यांदा रुसला तेव्हा नवऱ्याने स्वतः भरलं. पाइप आधी पाण्याने भरून घ्यायचा, नाहीतर त्यातली हवा आत जाते, ही खूणही आजींचीच. घर ताब्यात घेतानाच काटा कुठे आहे आणि पाइप कुठे ठेवलाय हे विचारून घ्या.

स्वयंपाकघराबद्दल तक्रार आहे. शेगडी इंडक्शन, म्हणून पितळी कढई आणि अ‍ॅल्युमिनियमचा कुकर माळ्यावर गेले. वरचं धुराडं हवा बाहेर टाकतच नाही, गाळून परत तोंडावर सोडतं. 1 जुलै 2022 पासून प्रत्येक मजल्यावर धुराची घंटी सक्तीची आहे, आणि आमची खालची घंटी जिन्यात, म्हणजे फोडणीच्या अगदी वाटेवर. आता सुक्या मिरच्या तेलात टाकण्याआधी मी मागचं दार उघडते, जिन्याचं लावते, आणि मुलगा टॉवेल घेऊन घंटीखाली उभा राहतो. आमटी झाली की तो विचारतो, सुटी?

मुलाचं म्हणाल तर त्याच्यासाठी ही जागा सोन्यासारखी आहे. सात वर्षांचा पोरगा एकटा चौकात खेळतो, सायकलवर शाळेत जातो. धास्ती आहे ती पाण्याची. मागच्या गल्लीला लागून पाट आहे, कठडा नाही, आणि जूनमध्ये त्यावर हिरवं शेवाळ असं दाट पसरतं की लहान मुलाला ते मैदानच वाटावं. इथे कठडे बांधत नाहीत, पोरांना पोहायला शिकवतात. 'ए' डिप्लोमाच्या परीक्षेत कपडे-बुटांसकट पाण्यात उतरावं लागतं. आमच्या तलावावर यादीत नंबर लागायला पाच महिने गेले. पोर लहान असेल तर घराआधी पोहण्याच्या यादीत नाव घाला.

शांत म्हणताना आकाश वगळायचं हेही सांगायला हवं. शिपोल विमानतळ शेजारीच आहे. वारा बदलला की धावपट्टी बदलते, आणि काही दिवस चहाच्या वेळी डोक्यावरून विमानं जातात. मला त्रास होत नाही, डोंबिवलीचा फायदा. पण घर बघायला एकाच दिवशी गेलात तर हे कळणार नाही. वेगळ्या वाऱ्याच्या दिवशी पुन्हा एक चक्कर मारा.

उन्हाळ्यात आई तीन महिने राहून गेली. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, 'अगं, इथे माणसं राहतात ना?' दुपारी दोन वाजता रस्त्यावर चिटपाखरू नाही, भाजीवाला नाही, भांडण नाही. तिची करमणूक अ‍ॅम्स्टर्डाम्स बोसने केली. हजारेक हेक्टरचं जंगल, आणि सगळं माणसाने लावलेलं. 1934 मध्ये, मंदीच्या काळात, बेकारांना काम म्हणून खोदकाम सुरू झालं. रोजगार हमी, आई म्हणाली. त्यातल्या जपानी चेरीच्या बागेत चारशे झाडं आहेत आणि प्रत्येकाला बाईचं नाव, निम्मी डच, निम्मी जपानी. फुलांचा मोसम कधीच सरला होता, तरी आई पाट्या वाचत हिंडली.

भाडं जास्त आहे, स्वयंपाकघर आपल्यासाठी नाही, घरात पडून राहायचं असेल तर हिवाळा खायला उठतो. ट्राम 25 चा थांबा आठ मिनिटांवर, त्यामुळे अ‍ॅमस्टरडॅम झाउडचं ऑफिस सोपं. करार बेमुदत आहे, आम्ही एका महिन्याची सूचना देऊन सोडू शकतो. इतक्यात सोडत नाही.

वर्षातून एक रात्र ही वस्ती डोंबिवलीलाही लाजवते, ती 31 डिसेंबरची. परवा संध्याकाळपासून जे फटाके सुरू झाले ते रात्री दोनपर्यंत. खासगी फटाक्यांवर देशभर बंदीचा कायदा 2025 मध्ये मंजूर झालाय, त्यामुळे बहुतेक सगळ्यांनी शेवटची हौस भागवून घेतली. एक तारखेला सकाळी नऊ वाजता पडदा सरकवला तर चौकभर लाल कागदाचा चिखल, आणि आजी खराटा घेऊन आधीच कामाला लागलेल्या. मीही आमचा काढला आणि गेले. निम्मा चौक झाल्यावर त्या खराट्यावर रेलून म्हणाल्या, काल रात्री तू मशीन लावलं असतंस तरी चाललं असतं.