नगरचं रणगाडा संग्रहालय: कुठे थांबायचं आणि कुणाला सोबत न्यायचं

नगरला (आता अहिल्यानगर) सोलापूर रस्त्यावर, फराहबागेच्या अंगाला कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलचं हे संग्रहालय जनरल बी. सी. जोशी लष्करप्रमुख असताना, १९९४ साली सुरू झालं. देशोदेशीचे पन्नासच्या आसपास रणगाडे आणि चिलखती गाड्या इथे उघड्यावर मांडल्या आहेत. महाराष्ट्रात तरी याला तोड नाही. उणीव एकच: वजन, तोफ, वेग हे आकडे वाचून आत बसणाऱ्या माणसाचं काय व्हायचं ते उमगत नाही. ते ठाऊक असतं रणगाडा दलातल्या निवृत्त सवार, दफादार आणि रिसालदारांना. ओळखीत असं कुणी असेल तर त्यांना घेऊनच जा. नसेल तर निदान पुढच्या गोष्टी बघा.

हा-गो या जपानी रणगाड्यापासून सुरुवात करा. वजन साडेसात टनांच्या आत, चिलखत जास्तीत जास्त १२ मिलिमीटर. बुरुजात, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटात, एकच माणूस. बाहेर नजर ठेवणं, ३७ मिलिमीटरची तोफ भरणं, नेम धरणं, डागणं आणि ड्रायव्हरला सांगणं हे सगळं त्याच्याच गळ्यात. शेजारी इंग्रजांचा व्हॅलेंटाइन पाहिलात की पुढची पायरी दिसते: बहुतेक मार्कमध्ये (मॉडेलांमध्ये) बुरुजात दोघं, म्हणजे कमांडरच लोडर. गोळा भरायला तो खाली वाकला की बाहेर बघणारा कुणी उरत नाही.

अमेरिकी एम-३ मीडियम इतका उंच का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. इंजिन विमानाचं, रेडियल (सिलिंडर गोलाकार लावलेलं), मागे बसवलेलं, गिअरबॉक्स पुढे. दोघांना जोडणारा शाफ्ट माणसांच्या पायांखालून जातो, म्हणून सगळंच वर चढलं. स्टुअर्ट या हलक्या अमेरिकी रणगाड्याच्या रेडियल मॉडेललाही तेच लागू. या इंजिनांची एक खोड जुने लोक हमखास सांगतात. गाडी बराच वेळ उभी राहिली की तेल खालच्या सिलिंडरांत उतरतं. तसंच स्टार्टर दाबलं तर पिस्टन तेलावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी हँडल घालून इंजिन हाताने फिरवायचं. स्टुअर्टसमोर काश्मीरमधली झोजी ला खिंड आठवायलाच हवी. १ नोव्हेंबर १९४८ ला ७ लाइट कॅव्हलरीने याच जातीचे, पण नंतरच्या मॉडेलचे रणगाडे साडेअकरा हजार फुटांवर नेले. सुगावा लागू नये म्हणून वाटेत बुरुज उतरवून ठेवले होते.

खरा वेळ द्यायचा तो ब्रिटिश सेंच्युरियन आणि अमेरिकी पॅटनला. हे दोन्ही लागोपाठ बघा. सेंच्युरियनमध्ये चौघं: पुढे ड्रायव्हर, बुरुजात तोफेच्या उजवीकडे गनर, त्याच्या मागे कमांडर, डावीकडे लोडर. मीटिअर इंजिन पेट्रोलचं, लढाऊ विमानांच्या मर्लिन इंजिनावरून बेतलेलं. सुरुवातीच्या मार्कची टाकी साधारण साडेपाचशे लिटरची आणि ती शंभरेक किलोमीटरमध्ये संपायची. म्हणून सेंच्युरियनवाल्यांच्या आठवणींत लढाईइतकंच पेट्रोल येतं: रात्री कॅन वाहणं, वास, बिडी-सिगारेटची सक्त मनाई.

पॅटन एम-४७ ची तोफ ९० मिलिमीटर, माणसं पाच. अंतर मोजायला स्टिरिओस्कोपिक रेंजफाइंडर, आणि तो चालवायचा गनरने. दोन्ही डोळ्यांची नजर सारखी लागते, शिवाय भरपूर सराव. सराव नसला तर महागडं यंत्र नुसता वेळ खातं. ८ ते १० सप्टेंबर १९६५ ला पंजाबातल्या असल उत्तरला पाणी सोडलेल्या शेतांत पाकिस्तानचे पॅटन रुतले आणि उसात दबा धरलेल्या आपल्या ३ कॅव्हलरीच्या सेंच्युरियननी जवळून, बाजूने मारा केला. जवळच्या माऱ्यात रेंजफाइंडरची श्रीमंती कामाला येत नाही. पॅटनला बाजूने चक्कर मारा, लांबलचक पाठ दिसेल; नेम तिथेच धरत.

त्याच महिन्यात पाकिस्तानातल्या फिल्लोरा आणि चविंडाच्या लढायांत पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांनी सेंच्युरियनमधूनच रेजिमेंट लढवली. ते १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले. जन्म मुंबईचा, शाळा पुण्याची. मराठी मुलांना इथे आणाल तेव्हा त्यांची गोष्ट सेंच्युरियनच्या पुढ्यात उभं राहून सांगा.

भारतात बनलेला विजयंता आवडीचा. १०५ मिलिमीटरची तोफ उत्तम, पण लेलँड एल-६० इंजिन तापायचं आणि लायनरचे सील जायचे. विजयंतावर नोकरी केलेल्या मेकॅनिकला इंजिनाबद्दल विचाराल तर अर्धा तास सहज जाईल. चर्चिल, चाफी आणि मागे तोंड केलेली आर्चरची तोफ उरलेल्या वेळात होतात.

पूर्ण फेरीला दोन तास धरा. सावली कमी, लोखंड तापतं, म्हणून सकाळीच जा. पाणी, टोपी आणि ओळखपत्र घ्या. छावणीचा भाग आहे, तेव्हा फोटोचं आणि रेकॉर्डिंगचं दारावरच विचारा. वर चढू नका.

जुन्या सैनिकाला घेऊन आला असाल तर "युद्धाचं सांगा" म्हणू नका. त्याने ६५ आणि ७१ ची सरमिसळ होते. त्यांच्या रणगाड्यापाशी न्या आणि विचारा: साहेब, तुम्ही कुठल्या बाजूला बसायचात? डबा कुठे ठेवायचात? ट्रॅक उतरला तर आधी काय सोडायचात? तोफांनी कान गेलेले असतात, म्हणून समोर उभं राहून, ओठ दिसतील असं बोला. वारा असतो, फोन त्यांच्या खिशाजवळ धरा. रेजिमेंट, स्क्वाड्रन आणि साल त्यांच्याच तोंडून सुरुवातीला रेकॉर्ड करून घ्या.